अंधारात पाहणारी दुर्बीण : चाचणीत पास झाली, जवानाच्या हातात कधी?

15 ऑक्टोबर 2025 रोजी संरक्षण मंत्रालयाने लष्कराच्या 7.62 मि.मी. असॉल्ट रायफलींसाठी रात्रीच्या दुर्बिणी घेण्याचा करार केला. रक्कम 659.47 कोटी रुपये. काम मिळालं ते एमकेयू आणि मेडबिट टेक्नॉलॉजीज यांच्या संयुक्त गटाला. बातमी आली आणि गेली. आपल्या मोहल्ल्यात, चहाच्या टपरीवर तिची चर्चा झाली नाही. संरक्षण खरेदी म्हणजे दिल्लीतल्या साहेबांचा विषय, आपला काय संबंध, असं आपण धरून चालतो.

संबंध आहे. पैसा आपला आहे, सीमेवर उभा असलेला मुलगा आपल्याच कुठल्यातरी तालुक्याचा आहे. आणि अंधारात उष्णता पाहणारं यंत्र काय करू शकतं नि काय नाही, हे तर आपल्या यवतमाळ जिल्ह्याने स्वतः पाहिलेलं आहे.

2018 साल आठवा. पांढरकवडा-राळेगावच्या जंगलपट्ट्यात टी-1 म्हणजेच अवनी वाघिणीचा शोध चालू होता. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबरमध्ये हस्तक्षेपास नकार दिल्यावर मोहीम जोरात सुरू झाली. कॅमेरा ट्रॅप आले, हत्ती आले, कुत्री आली, पॅराग्लायडर आला आणि उष्णता टिपणारे ड्रोनही आले. एवढं सगळं असून आठवडेच्या आठवडे वाघीण सापडली नाही. शेवटी 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली आणि पुढे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत त्या कारवाईच्या पद्धतीवरच प्रश्न उभे राहिले. धडा साधा होता. महाग यंत्र आणलं म्हणजे काम झालं असं नाही. ते कुठे चालतं, कुठे फसतं आणि ते चालवणारा किती तयार आहे, हे आधी तपासावं लागतं.

आता यंत्राचं थोडं समजून घेऊ, कारण बातम्यांमध्ये इथेच गोंधळ होतो. रात्री पाहणाऱ्या दुर्बिणी दोन जातीच्या. पहिली, चंद्र-ताऱ्यांचा जो थोडाफार उजेड असतो तो कित्येक पटीने वाढवून दाखवणारी. तिला इमेज इंटेन्सिफायर म्हणतात. ऑक्टोबरचा करार याच जातीच्या दुर्बिणींचा आहे आणि त्यांचा मारा साधारण 500 मीटरपर्यंत उपयोगी पडेल असं सांगितलं गेलं. दुसरी जात थर्मल. तिला उजेड लागतच नाही. माणूस, प्राणी, गाडीचं इंजिन यांच्या अंगातून निघणारी उष्णता ती टिपते. त्यामुळे गडद अंधारात, धुरात आणि हलक्या झुडपाआडही ती कामाची.

पण थर्मलचीही दुखणी आहेत. साध्या काचेतून ही उष्णता जात नाही, म्हणून तिला जर्मेनियम धातूची महागडी भिंगं लागतात. दाट पाल्याआड ती आंधळी होते. आणि आपल्या मे महिन्याचा विचार करा. पारा 44-45 वर, दिवसभर तापलेली काळी जमीन आणि दगड. माणसाचं अंग 37 अंश. आजूबाजूचं सगळं त्याच तापमानाच्या आसपास आलं की माणूस वेगळा उठून दिसत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ अशी एक वेळ येतेच. शिवाय दुर्बिणीत ‘कोणीतरी आहे’ हे लांबून कळतं. ‘तो कोण आहे’ हे कळायला फार जवळ यावं लागतं. त्या दोन अंतरांच्या मध्ये शत्रूही असू शकतो आणि बकऱ्या चारणारा गरीबही. बंदुकीच्या घोड्यावर बोट असताना हा फरक जीवन-मरणाचा आहे.

म्हणूनच एखादी कंपनी नमुना घेऊन आली आणि लष्कराने लगेच विकत घेतला, असं होत नाही आणि होऊही नये. आधी लष्कर आपली गरज कागदावर मांडतं. मग संरक्षण खरेदी परिषद मान्यता देते. निविदा निघते. कंपन्या आपापले नमुने आणतात. वाळवंटात, बर्फात, पावसात, धुळीत त्यांच्या चाचण्या होतात. या चाचण्यांचा नियम ऐकला की आम्हाला आश्चर्य वाटलं होतं. नमुना आणण्याचा खर्च कंपनीने करायचा आणि पास झाला तरी सरकार विकत घेईलच असं बंधन नाही. पास झालेल्यांत ज्याचा भाव सगळ्यात कमी, त्याला काम.

कागदावर हे न्याय्य दिसतं. सरकारचा पैसा वाचतो, स्पर्धा होते. पण दुसरी बाजूही पाहा. मोठी कंपनी तीन-चार वर्षं थांबू शकते. एखाद्या छोट्या कारखान्यात पाच-दहा इंजिनिअर मुलांनी मिळून बनवलेला नमुना चांगला असला, तरी तेवढा काळ पगार कुठून देणार? यावर उपाय म्हणून सरकारने काही वाटा काढल्या. ‘मेक-1’ गटात नमुना तयार करण्याचा 70 टक्क्यांपर्यंत खर्च सरकार उचलतं. ‘मेक-2’मध्ये मात्र खर्च उद्योगाचाच. 2018 मध्ये ‘आयडेक्स’ योजना आली. तिच्यात नवउद्योगांना दीड कोटींपर्यंत आणि पुढच्या गटात दहा कोटींपर्यंत अनुदान मिळतं. हे चांगलं पाऊल आहे. तरी खरी कसोटी अनुदानात नाही, नमुन्यानंतर ऑर्डर किती लवकर निघते त्यात आहे.

उशीर झाला की काय होतं, याला इतिहास साक्षी आहे. 1999 च्या कारगिल युद्धात दिवसा उघड्या उतारावर चढणं म्हणजे मरण, म्हणून आपल्या जवानांनी कित्येक हल्ले रात्री केले. त्याच युद्धात तुर्तुक भागात 11 राजपुताना रायफल्सचे कॅप्टन हनीफुद्दीन शहीद झाले, त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं. त्यानंतर तेरा वर्षांनी, मार्च 2012 मध्ये, तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांचं पंतप्रधानांना लिहिलेलं पत्र बाहेर फुटलं. पायदळाकडे रात्री लढण्याची साधनं अपुरी आहेत, ही तक्रार त्यात होती. म्हणजे गरज माहीत होती, तंत्रज्ञान जगात होतं, तरी ते जवानाच्या हातात नव्हतं.

आणखी एक गाठ आहे ती ‘स्वदेशी’ शब्दाची. ऑक्टोबरच्या करारात निम्म्याहून अधिक भाग देशी असेल असं मंत्रालयाने सांगितलं. स्वागतच आहे. पण थर्मल दुर्बिणीचं काळीज म्हणजे तिचा डिटेक्टर. तो बनवणारे देश जगात मोजकेच. आपल्याकडे अनेक वर्षं तो फ्रान्स, इस्रायल अशा देशांतून येत राहिला. भिंगाच्या जर्मेनियमवर तर चीनची पकड आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून चीनने त्याच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. बाहेरचं कवच आपलं आणि आतलं काळीज परक्याचं, असं असेल तर युद्धाच्या दिवशी नळ दुसऱ्याच्या हातात राहतो.

इथे विदर्भाची आणि आपल्या मुलांची गोष्ट येते. वणीच्या शेजारी, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीचा आयुध कारखाना आहे. भंडारा आणि नागपूरच्या अंबाझरीलाही आहेत. नागपूरच्या सोलर समूहाने ‘नागास्त्र’ ड्रोन लष्कराला दिले. पुण्यात भोसरीला भारत इलेक्ट्रॉनिक्सची उपकंपनी रात्रीच्या दुर्बिणींना लागणाऱ्या नळ्या बनवते. या जागी फिटर, मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, भौतिकशास्त्र शिकलेली मुलं लागतात. शाळेत आम्ही पाहतो, दहावीनंतर हुशार मुलगासुद्धा गॅरेज किंवा दुकानाकडे वळतो. कामात लाज नाही, हलाल कमाई आहे. पण आयुध कारखान्यांत अप्रेंटिस भरती होते, भारत इलेक्ट्रॉनिक्स ट्रेनी इंजिनिअरच्या जाहिराती काढते, हे घरात कोणी सांगितलेलंच नसतं. ‘आपल्याला तिथे कोण घेणार’ हे मात्र सगळ्यांनी सांगितलेलं असतं. अर्ज न करताच मिळालेला तो नकार आपण आपल्याच मुलांना देतो.

देशाच्या सुरक्षेचा विषय निघाला की आपल्या समाजात बहुधा दोनच गोष्टी होतात. काहीजण गप्प बसतात, न जाणो कोण काय अर्थ काढेल. काहीजण दुसऱ्यापेक्षा मोठ्याने घोषणा देतात, म्हणजे निष्ठेचा दाखला मिळावा. आमच्या मते तिसरा मार्ग हाच नागरिकाचा आहे, आणि तो म्हणजे हिशोब विचारण्याचा. गावच्या रस्त्याचं डांबर किती जाड टाकलं ते आपण विचारतो. तसंच हेही विचारायचं. चाचणी कधी झाली? ऑर्डर कधी निघाली? माल पलटणीत कधी पोहोचला? डिटेक्टर कुठला? चालवायचं प्रशिक्षण किती दिवसांचं? दुर्बिणीचा पल्ला किंवा संख्या असं गुपित यात काहीच नाही. महालेखापरीक्षकांचे अहवाल आणि संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल सर्वांसाठी खुले आहेत. आपल्या खासदाराने हे प्रश्न संसदेत मांडावेत, असं पत्र लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

सार्वजनिक पैसा ही अमानत आहे आणि अमानतीबद्दल विचारणा करणं हा दीनचाच भाग आहे. बर्फात रात्रभर जागणाऱ्या जवानाला करार झाल्याच्या बातमीने दिसत नाही. त्याच्या रायफलवर दुर्बीण बसते तेव्हाच दिसतं. करार आणि रायफल यांच्यामधलं अंतर किती वर्षांचं, एवढं जरी आपण मोजायला लागलो तरी खूप झालं.