काचेमागचे तीस दिवस

पाहुण्यांना रत्नागिरीचा थिबा पॅलेस दाखवायचं काम आमच्या घरात माझ्याकडे. वरच्या मजल्यावर गेलं की कुणीतरी विचारतंच, ‘‘राजकन्या पहारेकऱ्याच्या प्रेमात पडली ती इथेच ना?’’ मी सांगते, नाही हो. त्यांची मुलगी टुटू जन्मली 1906 मध्ये आणि हा वाडा पुरा झाला 1910 मध्ये. पाहुण्यांचा हिरमोड होतो. त्यांना ती खिडकीच हवी असते.

मला त्या प्रेमापेक्षा त्यावरचा थिबा राजाचा, म्हणजे तिच्या बापाचा, संताप जास्त विचारात पाडतो. इंग्रजांनी 1885 मध्ये ब्रह्मदेशाच्या गादीवरून काढलेला हा राजा 1886 पासून 1916 मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत होता. राणी सुपायालत ही त्याची सावत्र बहीण, कारण राजरक्त बाहेर जायला नको. मग चार मुलींना त्या तोलामोलाचा वर कोकणात कुठून मिळणार? थोरलीने पंचविशी ओलांडली आणि तिचं गोपाळ सावंतशी जमलं. सावंत मराठा, म्हणजे आमच्याकडे ताठ मानेने वावरणारी जात. राजाच्या लेखी मात्र तो दारावरचा नोकर. हलकं कोण, हे शेवटी कोण बघतोय त्यावर ठरतं.

राजाचं कुटुंब 1919 मध्ये मायदेशी गेलं. थोरली पुढे लेकीसह इथेच परतली आणि 1947 मध्ये हलाखीत वारली. टुटूने शेणी थापल्या, कागदाची फुलं केली, इथल्याच माणसाशी संसार केला आणि 2000 साली रत्नागिरीतच डोळे मिटले. राजाच्या नातीची बोली मराठी.

आता आमच्या घरातलं सांगते. मोठ्या दिरांचा मुलगा बोटीवर असतो. त्याने फिलिपिन्सची मुलगी पसंत केली. सासूबाई म्हणाल्या, ‘‘गोरी मड्डम असती तर निदान चार लोकांत सांगता तरी आलं असतं.’’ बोलल्या त्या, पण मनात सगळ्यांच्याच होतं. अमेरिकेची सून आली की तिला नऊवारी नेसवून सत्यनारायणाला बसवतात, फोटो गावभर फिरतात. आमचीला बाजारात ‘चिनी’ म्हणतात. आफ्रिकेतली असती तर काय म्हणाले असते, ते इथे लिहवत नाही.

लग्न नोंदणी पद्धतीने, 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली. त्यात तीस दिवसांची नोटीस. कचेरीच्या व्हरांड्यात, गंजक्या कुलपाच्या काचेमागे त्या दोघांची नावं आणि पत्ते. चौथ्या दिवशी त्या कागदाचा फोटो भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर! कुणी काढला, अजून कळलेलं नाही. त्या रात्री दिरांना नऊ फोन आले. एकाही फोनवर कायद्यातली हरकत नव्हती. ती घेता येते वय, आधीचं लग्न, जवळचं नातं असल्या कारणांवर. (गोपाळ सावंतवर ती खरोखरच लागू झाली असती, त्याचं आधी लग्न झालेलं होतं.) पण हे सगळं कागद बघून साहेबांना टेबलावरच तपासता येतं. त्यासाठी गावाला कशाला विचारायचं? भटजींपुढे अंतरपाट धरणाऱ्यांना कुणी महिनाभर काचेत टांगत नाही. हा कायदा ज्यांच्यासाठी केला, त्यांनाच नेमकं लपायला जागा नसते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2021 मध्ये नोटीस लावायची की नाही हे जोडप्यावर सोडलं. आपल्याकडे 2022 च्या डिसेंबरात राज्य सरकारने समिती नेमली ती आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करायला. आंतरजातीय हा शब्दही आधी त्यात होता, ओरड झाल्यावर दोन दिवसांत वगळला. माझं म्हणणं एवढंच, की ती नोटीस कायद्यातूनच काढा.

आमचं लग्न पार पडलं. सासूबाई आता तिला आंबोळीचं पीठ आंबवायला शिकवतात आणि ‘‘गो बाय, मीठ नंतर’’ म्हणून ओरडतात. मागच्या दिवाळीत पाहुण्यांबरोबर तिलाही पॅलेसवर नेलं. पुण्याच्या एका बाईंनी तिच्याकडे निरखून बघत कौतुकाने विचारलं, ‘‘तुम्ही राजाच्या घराण्यातल्या का? ब्रह्मदेशातून आलात?’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली, ‘‘परटवण्यातून. रिक्षाने.’’