लिफ्टमधला मालकंस

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक दर्दी राहतात. त्यांना नाव आहे, आडनाव आहे, पेन्शनसुद्धा आहे. पण सगळे त्यांना 'दर्दी' म्हणूनच ओळखतात आणि त्यांची त्याला हरकत नाही. डिसेंबरात पुण्याला 'सवाई'ला निघाले की हातात थर्मास, खांद्यावर शाल आणि चेहऱ्यावर 'आता पूर्वीचं काही राहिलं नाही' असा भाव, एवढे सामान घेऊन ते रिक्षात बसतात.

परवा लिफ्टमध्ये त्यांची आणि माझ्या नातीची गाठ पडली. नात सोळा वर्षांची. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये रील, आणि त्या रीलमध्ये कुणीतरी मालकंसातल्या तानेला ड्रम आणि गिटार जोडून चाळीस सेकंदांचा ऐवज केलेला. दर्दींनी तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत तो सोसला. दार उघडल्यावर विचारले, "राग कुठला हा, माहीत आहे का?"

"मालकंस," नात म्हणाली.

उत्तर चुकले असते तर दर्दी खूश झाले असते. ते बरोबर आल्यामुळे त्यांचा तोल गेला. "हा मालकंस नव्हे, मालकंसाचा मुडदा आहे! गाणं बैठकीत बसून ऐकायचं असतं. लिफ्टमध्ये नाही!" एवढे बोलून ते गेले.

नात हसत घरी आली. मला हसू आले नाही. त्याला एक जुने कारण आहे, ते पुढे सांगतो. आधी दर्दींचा हिशेब.

त्यांचे म्हणणे असे, की गाण्याचे तुकडे पाडले, ते बाजारात मांडले आणि म्हणून गाणे मेले. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. तुकडे पाडले म्हणूनच ते तुमच्या-माझ्या घरापर्यंत पोचले. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान पहिल्यांदा ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर उभी राहिली, तेव्हा तिला मिळाली होती जेमतेम तीन मिनिटे. जी बाई एक चीज रात्रभर फुलवू शकली असती, तिने ती तीन मिनिटांत बसवली आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचे नावही ठणकावून सांगितले. त्या काळातही कुणी दर्दी असणारच. 'गाणं डब्यात कोंबलं!' म्हणून तोही कपाळाला हात लावून बसला असणार. आज मात्र आमचे दर्दी त्याच तबकड्या ऐकताना डोळे मिटतात आणि खरखर आली की "वा!" म्हणतात. म्हणजे तीन मिनिटांवर शंभर वर्षांची धूळ बसली की ती अभिजात, आणि चाळीस सेकंद ताजे असले की तो मुडदा. चाळीस सेकंदांनाही जरा धूळ बसू द्या की!

बरे, या तीन मिनिटांनी काय केले ते दर्दींनाच ठाऊक असायला हवे, कारण त्यांच्या दिवाणखान्यात भीमसेन जोशींचा फोटो आहे. गदगचा अकरा वर्षांचा पोरगा. दुकानात लागलेली अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतल्या ठुमरीची तबकडी त्याने ऐकली आणि 1933 साली गुरू शोधायला घर सोडले. तिकिटाविना आगगाडीत बसायचे, गाणी म्हणायची, पुढचे स्टेशन गाठायचे. कुठली बैठक, कुठला गालिचा आणि कुठले अत्तर? दुकानात वाजणारी एक तबकडी! त्या दुकानदाराने "ए पोरा, इथं उभं राहून गाणं ऐकायचं नसतं" असे म्हणून त्याला हाकलले असते, तर आज 'सवाई'ला जायला दर्दींकडे सवाईच नसती. आणि हेच भीमसेन 1956 मध्ये 'बसंत बहार'मध्ये मन्ना डेंच्या जोडीने गायले, 1988 मध्ये 'मिले सुर मेरा तुम्हारा'ची सुरुवात त्यांच्याच आवाजात झाली. सिनेमात गायल्याने त्यांचा एकही स्वर बाटला नाही. बाटला असता तर दर्दींनी तेव्हाच सुतक पाळले असते.

आपल्या मराठी माणसाने तर या बाबतीत बोलूच नये. आपले अर्धे रागज्ञान नाटकाच्या तिकिटावर आलेले आहे. 1911 च्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, 1916 च्या 'स्वयंवरा'ला भास्करबुवा बखल्यांनी. बुवा म्हणजे कसलेला ख्यालगायक. त्यांनी खानदानी चिजांच्या वजनाच्या चाली रंगभूमीवर आणून सोडल्या आणि पिटातले लोक 'वन्समोअर'च्या आरोळ्या ठोकू लागले. ज्याला खर्ज आणि खर्च यांतला फरक कळत नव्हता, तो घरी जाताना यमन गुणगुणत गेला. चुकत गेला असेल. पण गेला!

लोकांना शुद्ध गाणे सक्तीने पाजण्याचा प्रयोगही होऊन गेलेला आहे. 1952 साली नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आपल्या पुण्याचे बाळकृष्ण केसकर. स्वतः संगीताचे जाणकार. त्यांच्या अमलात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. जनतेने काय केले? रेडिओचा काटा फिरवला, सिलोन लावले आणि 'बिनाका गीतमाला' ऐकत बसली. शेवटी 1957 मध्ये 'विविध भारती' काढावी लागली. गंमत म्हणजे पुढे त्याच विविध भारतीवर 'संगीत सरिता' आली. रोज सकाळी एक राग, त्याची थोडी माहिती, आणि त्या रागातले सिनेमाचे गाणे. जे मंत्र्याला सक्तीने जमले नाही, ते सिनेमाच्या गाण्याच्या बोटाला धरून सहज झाले. आमच्या घरी त्या वेळी चहा, इस्त्री आणि तोडी एकाच वेळी तापत असत.

हे फक्त आपल्याकडेच होते असेही नाही. साहेबाच्या अभिजात संगीताची तर याहून पायपीट झाली आहे. खालच्या मजल्यावरची एक गाडी मागे येताना जी टिंगटिंग करते, ती बेटोफेनची 1810 च्या सुमाराची रचना आहे, हे मला नातीने सांगितले. तैवानमध्ये कचऱ्याची गाडी आली की हीच धून वाजते आणि लोक पिशव्या घेऊन धावतात. टायटन घड्याळाच्या जाहिरातीत मोझार्टची पंचविसावी सिंफनी आहे. त्याच्या चाळिसाव्या सिंफनीवरून सलील चौधरींनी 1961 च्या 'छाया'साठी असे गाणे केले की मोझार्ट माहिममध्ये राहत असावा असे वाटावे. टॉम आणि जेरीच्या 1947 मधल्या चित्रपटात मांजर पियानोवर लिस्ट वाजवते आणि उंदीर आतून पट्ट्या ओढतो. लिस्ट हे नाव न ऐकलेली कोट्यवधी मुले त्याचे ते चलन तोंडाने म्हणू शकतात. आणि खुद्द आमच्या दर्दींचा जुना नोकिया ऐन आलापीत वाजतो, ती धून फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवाल्याच्या 1902 च्या वॉल्ट्झमधली आहे. योगायोग बघा, साल गौहरजानचेच! वीस वर्षे दर्दी खिशात अभिजात संगीताचा मुडदा घेऊन हिंडताहेत.

आता ते जुने कारण.

माझ्या आईचे घराणे विचाराल तर स्वयंपाक-घराणे. गिरगावातल्या चाळीत दोन खोल्या, सात माणसे. बैठकीला जाणे हा पुरुषांचा कार्यक्रम. ती गाणे शिकली फोडणीच्या आवाजातून रेडिओ ऐकत, आणि गणेशोत्सवात रस्त्यावर रात्रभर बैठका चालत तेव्हा गॅलरीच्या कठड्याला टेकून. रागांची नावे तिच्याकडे सिनेमाच्या गाण्यांच्या ओळखीने आली. मालकंस म्हणजे 'बैजू बावरा'तल्या भजनाचा राग. तिच्या दृष्टीने तो रागाचा सख्खा पत्ता होता.

मला पहिली नोकरी लागली तेव्हा मी तिला एका सभागृहात मैफलीला नेले. तिने ठेवणीतले पातळ नेसले. बुवांनी सूर लावला आणि ती हळूच पण आनंदाने म्हणाली, "अरे, हा तर बैजू बावरातला!" पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने मागे वळून पाहिले, शेजाऱ्याकडे पाहिले आणि दोघे हसले. एवढेच. शब्दही बोलले नाहीत. आईने पदर सारखा केला आणि उरलेले दोन तास मान खाली घालून बसली. राग तिने बरोबर ओळखला होता, हे मी परतताना तीनदा सांगितले. "असू दे रे," म्हणाली. त्यानंतर मी किती वेळा तिकिटे आणली. दर वेळी तिचे गुडघे दुखत. घरी रेडिओपुढे ते कधी दुखले नाहीत.

म्हणून लिफ्टमधल्या प्रसंगाला मला हसू आले नाही. दर्दी मंडळी हो, तुम्ही गाण्याची राखण करता असे तुम्हाला वाटते. पण दाराशी उभे राहून तुम्ही हाकलता ते चोराला नव्हे, पाहुण्याला.

पण रीलवाल्यांनीही लगेच कॉलर ताठ करू नये. माझी त्यांच्याशीही भांडणे आहेत. पहिले म्हणजे, ही मंडळी तान नेमकी समेच्या आधी तोडतात. शिंक येता येता राहावी तसे होते. मग सम शोधायला पुढे सरकावे तर बटाटेवडे तळण्याची कृती सुरू! तेही मी एक वेळ सोसीन. पण नाव का खाता? गाणारा कोण, तबल्यावर कोण, साल कुठले, काही नाही. वर मात्र ज्याने ते कापले त्याचे नाव ठसठशीत. गौहरजान नाव सांगत असे, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथल्या माणसाला आवाज कुणाचा हे कळायला हवे असे. सव्वाशे वर्षांपूर्वी परक्या कारागिराची एवढी सोय होती, आणि आज अख्ख्या जगाला ऐकवताना दोन शब्द लिहायला अंगठा दुखतो! गाणे कापा, जोडा, त्याखाली ढोल बडवा. पण ज्याने जन्मभर घासून तो स्वर आणला त्याला निनावी करू नका. ही मात्र खरी चोरी.

हे सगळे मी नातीला जरा आवाज चढवूनच सुनावले. ती म्हणाली, "आजोबा, मला नावं टाकायची असतात हो, पण जुन्या रेकॉर्डिंगवर तबलजी कोण ते सांगणार कोण?"

मी म्हटले, "तिसऱ्या मजल्यावर जा."

गेली. दर्दींनी आधी दार अर्धेच उघडले म्हणे. मग दोन आवर्तने ऐकली, डोळे मिटले आणि तबलजीचे नाव सांगितले. हार्मोनियमवाल्याचे उद्या सांगतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमची बेल वाजवून ते सांगूनही गेले.

काल मी बाजारातून येताना ती दोघे पुन्हा लिफ्टमध्ये होती. दर्दी चष्मा कपाळावर चढवून मोबाइलवर वाकले होते. "जरा परत लाव. ड्रम सोड, ते मी ऐकतच नाही. समेच्या आधी कुठं तोडलंय त्यानं, ते बघू."

लिफ्ट सहाव्या मजल्यावर पोचली होती.