बरगीच्या पाण्यातला वाटा: १५ ऑगस्टपर्यंतची मुदत

मध्य प्रदेश मत्स्य महासंघाचे अधिकारी, बरगी जलाशयाचा ठेका घेणारे आणि काठावरच्या सहकारी समित्यांचे पदाधिकारी, तुम्हा तिघांना उद्देशून हे लिहितो आहे. १६ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत राज्यात मासेमारी बंद असते. हिशेब सरळ करायला दोन महिने पुरे आहेत. तेवढ्यात लहान होड्यांचा वाटा ठरवा, लेखी द्या आणि काठावरच्या गावागावात लावा. नाही केलेत, तर पुढे जे होईल त्याची जबाबदारी तुमची.

मी चेरीतालला राहतो. जबलपूरच्या या वस्तीत ताल आता शोधून सापडत नाही. राणी दुर्गावतीच्या दासीने तो बांधवला असे सांगतात. त्यावर घरे चढली, नाव तेवढे राहिले. शहरातल्या तलावांची अशी वाट लागली तेव्हा आम्ही शहरवासी गप्प राहिलो. बरगीच्या बाबतीत गप्प राहणार नाही, कारण तिथे पाणी अजून आहे आणि त्यावर जगणारी माणसेही आहेत.

नर्मदेवरचे हे धरण १९९० मध्ये भरले. मंडला, शिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतल्या १६२ गावांना त्याची झळ बसली. गोंड शेतकरी, केवट, बर्मन, सगळेच उठले. ज्यांची काळी जमीन बुडाली त्यांच्यापुढे पाण्यातला मासा उरला, आणि तोही ठेक्यात गेला. विस्थापितांनी मोर्चे काढले, धरणी धरली, तेव्हा कुठे १९९४ मध्ये मासेमारीचा हक्क त्यांच्या ५४ प्राथमिक समित्यांच्या संघाला मिळाला. बुडालेल्या जमिनीपोटी ती फार तोकडी भरपाई होती, तरी हक्क होता. काही वर्षांत तोही महासंघाने आपल्याकडे घेतला आणि ठेकेदार परत आला.

आता ठेक्यात नेमके काय होते ते शहरातल्या वाचकांनी समजून घ्यावे. होडीत दोघे जण असतात, बहुतेक वेळा बापलेक किंवा नवराबायको. संध्याकाळी ते जाळे सोडतात. खाली बुडालेल्या महुआची खोडे आहेत, जाळे त्यात अडकून फाटते, ते शिवण्यात दुपार जाते. पहाटे गार पाण्यात हात घालून कटला, रोहू, मृगळ एकेक सोडवायचा आणि ऊन चढायच्या आत काट्यावर पोचायचे. तिथे मासा मोठा की छोटा, ‘मेजर’ की ‘लोकल’, ते काट्यामागचा माणूस ठरवतो आणि त्याप्रमाणे किलोमागे ठरलेली मजुरी वहीत चढते. जबलपूरच्या बाजारात भाव कितीही वाढो, वहीतला आकडा हलत नाही. होडी त्याची, जाळे त्याचे, जोखीम त्याची, आणि कधी कधी तळाशी शेतही त्याचेच. तरी कागदावर तो मजूर. हा अन्याय आहे, आणि तो नियमाने चालतो म्हणून कमी होत नाही.

बंदीच्या काळात बचत-सह-राहत योजनेतून ४,५०० रुपये मिळतात, असे उत्तर तयार असेल. त्यातले १,५०० मच्छीमाराने स्वतःच भरलेले असतात. तेवढ्यावर घर चालत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

हे सगळे वेगळ्या रीतीने करता येते, हे याच राज्यात सिद्ध झाले आहे. तवा धरणाच्या विस्थापित आदिवासींच्या संघाकडे १९९६ पासून २००६ पर्यंत मासेमारीचा हक्क होता. त्यांनी बोटुकली सोडली, बंदी पाळली, मासळी बर्फात घालून थेट हावड्यापर्यंत पाठवली.

समित्यांच्या पदाधिकाऱ्यांनी मात्र या लढ्याआड लपू नये. ज्याने कधी जाळ्याला हात लावला नाही त्याच्या नावावर परवाना असेल, तर तो रद्द करा, मग तो अध्यक्षाचा मेहुणा का असेना. एका घराला एक परवाना, आणि जाळ्यांची मर्यादा प्रत्येक होडीला सारखी. चांगल्या खाडीवर कायम त्याच चार होड्या दिसत असतील, तर पाळी लावा. ठेकेदाराकडे न्याय मागायचा आणि आपल्यातल्या विधवेची होडी कडेला ढकलायची, हे चालू देणार नाही.

आणि नुसता आकडा जाहीर करून सुटका होईल असेही कुणी समजू नये. कोकणात ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे ठरले. आदेश चांगलाच होता. पण गस्तीला नौका अपुऱ्या, दंड किरकोळ. मालवणचा रापणकर किनाऱ्यावरून बेकायदा बोटींचे दिवे मोजत राहिला. दंड वाढवणारी कायद्याची दुरुस्ती यायला २०२१ उजाडले. वाटा ठरवणारा कागद आणि तो राखणारा माणूस, दोन्ही आम्हाला एकाच वेळी हवे आहेत.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. पहिला हक्क विस्थापित कुटुंबांचा, आणि चालू ठेक्याची मुदत संपताच जलाशय त्यांच्या संघाकडे. तोवर मजुरीऐवजी जबलपूरच्या घाऊक भावाचा निदान ६० टक्के वाटा. काट्यावर ग्रॅमपर्यंत वजन आणि त्याची पावती मच्छीमाराच्या हातात. परवान्यांची नावनिशीवार यादी ग्रामसभेत वाचून दाखवायची.

ठेकेदाराच्या मासळीवर बहिष्कार घालावा, असे काही मित्र म्हणाले. मी नकार दिला. मासा पडून राहिला तर पहिली चूल होडीवाल्याची विझेल. आमचा रस्ता दुसरा आहे. ठेक्याचा करार, दरपत्रक आणि परवान्यांची यादी माहिती अधिकारात मागवत आहोत. दडवलेत तर अपील होईल. १५ ऑगस्टपर्यंत लेखी निर्णय आला नाही, तर १६ तारखेला पहिले जाळे पडेल तेव्हा काट्याकाट्यावर आमची माणसे स्वतःची वही घेऊन उभी असतील आणि प्रत्येक वजन उतरवतील. ती वही पुरावा म्हणून जोडून मध्य प्रदेश उच्च न्यायालयात याचिका दाखल होईल. न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपुरातच आहे, चेरीतालहून तिथे चालत जाता येते.