शहाबादची खाण आणि आमचा गुंबदांचा नाद

थंडी पडली की आमच्यापैकी कुणाला ना कुणाला गुलबर्ग्याची आठवण होते. मग पंधरा-वीस जण जमतात आणि गाडी ठरते. ख्वाजा बंदानवाजांची दर्गाह, हफ्त गुंबद, किल्ल्यातली अंगणच नसलेली जामा मशीद, दुपारी तहारी आणि परतीच्या वाटेवर बहमनी सलतनतीवर चर्चा. परतल्यावर कुणीतरी लेख लिहितो. असे तीन लेख मीच लिहिले आहेत, त्यामुळे पुढं जे म्हणणार आहे ते आधी माझ्यावरच आहे असं समजा.

मागच्या खेपेला मी एक दिवस जास्त राहिलो आणि शहाबादला गेलो. सोबतचे म्हणाले, "तिथं काय आहे बघायला?" प्रश्न खराच होता. शहाबाद म्हटलं की आपल्याला गाव आठवतच नाही. आठवते ती मोरीतली फरशी. कोटा, कडप्पा, शहाबाद ही तीन गावं आपल्या घरात पायाखाली, नाहीतर ओट्यावर अंथरलेली असतात. माझे मामू आयुष्यभर फरशी बसवत होते. "शहाबादी घाल, नातवंडं वापरतील," असं गिऱ्हाइकाला सांगायचे, पण शहाबाद त्यांनी कधी पाहिलं नाही. गुलबर्ग्याहून वाडीकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं ते अर्ध्या-पाऊण तासावर आहे.

मी शहाबादच्या पुढं एका खेड्यात उतरलो. तिथं जमीन काळी आहे, पण पातळ. दोन-तीन हात उकरलं की खाली दगड. तुरीच्या शेताला बांध म्हणून उभ्या रोवलेल्या फरश्या. गोठ्याच्या भिंती फरशीच्या, काही घरांची छपरंही फरशीचीच. रस्त्याच्या दोन्ही अंगांना फुटक्या तुकड्यांचे ढीग, माणसाहून उंच. खेड्याभोवती जुन्या खाणी पाण्यानं भरल्या आहेत. हिरवट, शांत पाणी, त्यात म्हशी आणि पोरं. काठाला कुठंही कुंपण नाही.

हा दगड महाराष्ट्राला का लागतो, ते तिथं उभं राहिल्यावर कळतं. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी काळा बेसॉल्ट. तो फुटतो, घडवता येतो, पण त्याचे पापुद्रे निघत नाहीत. भीमेच्या खोऱ्याच्या या भागात खाली ग्रॅनाइट, वर दख्खनचा काळा पाषाण आणि मधे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात गाळ बसून झालेला चुनखडक. थरावर थर, वहीच्या पानांसारखा. थराच्या फटीत पहार घालून दाबलं की सबंध पान उचकटून येतं. माणसाला ही युक्ती फार जुनी ठाऊक आहे. इथून थोड्या अंतरावर सन्नतीजवळ कनगनहळ्ळीला बौद्ध स्तूप सापडला. त्याची शिल्पं चुनखडकातच कोरलेली आहेत आणि त्यातल्या एकावर सम्राट अशोकाची आकृती नावासकट आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मळखेड याच पट्ट्यात, कागिणा नदीच्या काठावर. 1871 मध्ये मुंबईची आणि मद्रासची रेल्वे रायचूरला जोडली गेली, शहाबाद त्या वाटेवर आलं आणि दगडाला बाजार मिळाला.

इथवरचं लिहायला मला आवडतं. वाचायला तुम्हालाही आवडतं. गडबड इथंच आहे.

खाणीत उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. खोली दोन पुरुष असेल. यंत्राचं पातं दगडावर चिरा मारत होतं आणि पांढरी धूळ उडत होती. चिरा मारून झालेल्या पट्टीत दोघं जण पहार लावत होते. कडेला बसून छिन्नी-हातोड्यानं कडा काढणारे पाच-सहा जण, तुकडे डोक्यावरून वाहणाऱ्या बाया. तोंडाला रुमाल, डोळ्यांना काही नाही, पायात रबरी चपला. त्यात आपले लोक होते, वडार होते, तांड्यावरचे लंबाणी होते, दलित होते. एका वयस्क चाचांपाशी बसलो. त्यांचं बोलणं आपलंच दखनी. मजुरी कशी म्हणून विचारलं तर म्हणाले, "जित्ता फूट, उत्ता पैसा. बारिश में खदान भर जाती, तब कुछ नईं." उजव्या हाताचं अर्धं बोट नव्हतं. नोंद केली का कुठं, असं मी शिकलेल्या माणसाच्या थाटात विचारलं. ते माझ्याकडं बघतच राहिले. "कायकी नोंद?"

घरी येऊन 1952 चा खाण कायदा काढून वाचला, तेव्हा कळलं की चाचांचा प्रश्न बरोबर होता. हा कायदा नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता. त्याचं कलम 3 सांगायचं की इमारतीचा दगड, मुरूम, चुनखडी वगैरे काढणारी उघडी खाण कुठंही 6 मीटरपेक्षा खोल नसेल, एका दिवशी 50 पेक्षा जास्त माणसं कामावर नसतील आणि सुरुंगाची दारू वापरली जात नसेल, तर मोजकी कलमं सोडून हा कायदा तिला लागू नाही. उरायची ती तपासनीसाचे अधिकार, अठरा वर्षांखालच्यांची बंदी, बायकांच्या कामाचे नियम. सुटायचं काय? पिण्याचं पाणी, संडास, प्रथमोपचार, अपघाताची सूचना, आठवड्याची सुट्टी, पगारी रजा. फरशीचा दगड वरच असतो आणि सुरुंग लावला तर फरशीच तडकते. म्हणजे शहाबादी काढायची जी रीत आहे, तिलाच मोजून ही पळवाट शिवल्यासारखी वाटते. त्याच दगडाचा चुरा करून सिमेंट होतं. तिथं खोल खणतात, सुरुंग लावतात, म्हणून ती खाण त्या कायद्याला दिसायची. हातानं काढलेली दिसत नसे. मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही, पण दशकानुदशकं कुणाला ते खुपलं नाही, एवढं नक्की.

हे सगळं मी एका बैठकीत मांडलं. नाव घेत नाही, सगळे जाणते लोक होते. पहिला प्रश्न आला, "यात मुसलमान किती टक्के?" दुसरा, "ते कर्नाटकात आहे ना?"

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. गुंबद पण कर्नाटकातच आहेत. त्यांच्यावर मराठीत लिहिताना आपल्याला सीमा आठवत नाही. 1948 पर्यंत गुलबर्गा आणि औरंगाबाद एकाच निजामी राज्यात होते आणि 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात. पंढरपूरची भीमाच पुढं त्या मुलखातून वाहते. दखनी वारसा हवा असेल तर त्यातला दगड आणि तो काढणारा हात वगळून कसा मिळेल?

पहिल्या प्रश्नाचा मला राग आला, अजूनही आहे. घुमटाचं प्लास्टर पडलं की आपण निवेदनावर सह्या करतो. घुमटाखाली निजलेला सुलतान आपला, कारण त्याचं नाव माहीत आहे. अर्धं बोट गेलेला चाचा आपला की नाही हे ठरवायला मात्र टक्केवारी लागते. समजा त्या खाणीत मुसलमान दहातले दोनच निघाले, मग उरलेल्या आठांच्या छातीत जाणारी धूळ आपल्या हिशेबाबाहेर? सच्चर अहवाल आपण 2006 पासून पाठ केला. त्यातून शिकलो ते एवढंच की गरिबी आधी मोजायची, मग आपली वाटणी काढायची. मजुरीबद्दलची ती हदीस 1 मेला सगळे फॉरवर्ड करतात, मीही करतो. त्यात मजुराचा मजहब विचारलेला नाही.

आणि नातं शोधायचंच असेल तर लांब जायला नको. आमच्या मशिदीत वजूच्या हौदाभोवती शहाबादी आहे. ईदगाहच्या पायऱ्या शहाबादी. कब्रस्तानात मय्यत उतरवल्यावर माती लोटण्याआधी वर आडव्या लावतो त्याही फरश्याच. मामूंना दफन केलं तेव्हा मी स्वतः दोन फरश्या खाली दिल्या. त्या कुणी काढल्या असतील, हा विचार तेव्हा मनाला शिवलाही नाही.

बैठकीत शेवटी एक जण म्हणाला की आता सगळे टाइल्सच लावतात, खाणी आपोआप बंद पडतील, प्रश्न सुटेल. खाणी बंद पडल्या की प्रश्न सुटतो तो मालकाचा. चाचांनी सांगितलं होतं की मागणी कमी झाली आहे आणि फुटाचा दर वाढायचं नाव घेत नाही. त्यांचा मोठा मुलगा पुण्यात एका साइटवर टाइल्स बसवायला गेला आहे.

यंदाच्या गुलबर्गा सहलीचं नियोजन माझ्याकडं आलं आहे. पहिला मुक्काम शहाबादच्या खाणीत, सकाळी दहाला, काम चालू असताना. गुंबद दुपारनंतर. ग्रुपवर तसं टाकल्यापासून चौघांनी नावं मागं घेतली आहेत. गाडीत जागा आहे.