दस्तरखान : अननसाचा पेला

गेल्या काही वर्षांत वलीम्याच्या दावतीत एक नवा कोपरा दिसू लागला आहे. उंच पेले, बर्फ, कागदी छत्र्या आणि वर पाटी – ‘मॉकटेल’. मुलं तिथेच घुटमळतात, वडीलधारे जरा बिचकतात. शाळेच्या पालकसभेनंतर एका आईने आम्हाला विचारलं, “नाव ऐकूनच धस्स होतं. मुलीला प्यायला द्यावं की नाही?” प्रश्न अनेक घरांतला आहे, म्हणून या महिन्याचं दस्तरखान त्यासाठीच.

आधी शब्द पाहू. कॉकटेल म्हणजे दारूत रस, साखर वगैरे मिसळून केलेलं पेय. ‘मॉक’ म्हणजे नकली. दारू वगळलेलं ते मॉकटेल. आमची हरकत या ‘नकली’वरच आहे. फळाचा रस, बर्फ, पुदिना यांचं पेय आपल्याकडे शतकानुशतकं आहे आणि त्याला स्वतःचं नाव आहे : शरबत. अरबीत ‘शरिबा’ म्हणजे प्याला. त्याच धातूपासून शराब हा शब्द आला आणि शरबतही. इंग्रजीतला ‘सिरप’सुद्धा त्याच घराण्यातला. म्हणजे एकाच मुळाच्या दोन वाटा आहेत. आपण कुठल्या वाटेने जायचं ते ठरलेलंच आहे, मग आपल्या पेल्याला दुसऱ्याची नक्कल का म्हणायचं?

आता अननस. हे फळ मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. १४९३ मध्ये कोलंबसाच्या लोकांनी ते ग्वादलूप बेटावर पाहिलं आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ते आपल्या किनाऱ्यावर उतरलं. ‘अननस’ हे नावही तिकडच्या आदिवासींच्या बोलीतूनच आलेलं आहे. बादशहा जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की हे फळ फिरंग्यांच्या बंदरांतून येतं आणि आग्र्याच्या गुलअफशां बागेतही पिकतं.

अननसाचं सर्वांत प्रसिद्ध कॉकटेल ‘पिन्या कोलाडा’. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर, सान हुआनच्या एका हॉटेलात १९५४ मध्ये ते तयार झालं असं सांगतात. त्या नावाचा स्पॅनिशमधला अर्थ मात्र साधा आहे : गाळलेला अननस. त्यात अननसाचा रस, नारळाचं दाट दूध आणि रम. रम काढून टाकली तर उरतं काय? आपल्या कोकणातल्या परसातलं शरबत! म्हणून पहिली कृती तीच.

अननस-नारळ शरबत (चार पेले). दोन कप गाळलेला अननसाचा रस, एक कप नारळाचं दाट दूध, चिमूटभर मीठ आणि सात-आठ बर्फाचे खडे मिक्सरमधून अर्धा मिनिट फिरवा. पिकलेलं फळ असेल तर साखर लागत नाही. केल्याबरोबर प्या, ठेवलं तर दूध आणि रस वेगळे होतात.

अननस-पुदिना शरबत. तीन कप रसात एका लिंबाचा रस, किसलेल्या आल्याचं पाणी एक चमचा, काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा-अर्धा चमचा घाला. पुदिन्याची दहा पानं हाताने चुरगळून टाका; मिक्सरमध्ये ती कडवट होतात. पेला पाऊण भरा आणि साधा सोडा शेवटी, कडेने हळूच सोडा. भिजवलेला सब्जा एक चमचा घातला तर इफ्तारला छान.

बऱ्याच भगिनी विचारतात, अननसाचं मिल्कशेक कडू का होतं? कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं. ते प्रथिनं तोडतं. कबाबाला पपई लावल्यावर मटण जसं नरम पडतं, तसंच हे. दुधातली प्रथिनं तुटली की चव कडवट होते. उष्णतेने हे विकर निकामी होतं. म्हणून फोडी थोड्या साखरेत पाच-सात मिनिटं उकळा, पूर्ण गार करा आणि मग थंड, आटवलेल्या दुधात घाला. गरम दुधात घातल्या तर फळाच्या आंबटपणाने दूध फाटेल. ताज्या अननसाची जेली जिलेटिनने जमत नाही, तेही याच कारणाने. चायना ग्रास वापरा. ती समुद्री शेवाळापासून बनते, त्यामुळे जेली जमते आणि जिलेटिन कुठल्या जनावराचं, हा प्रश्नही मिटतो.

आता महत्त्वाची गोष्ट. अननसाची सालं आणि गूळ पाण्यात दोन-तीन दिवस ठेवून केलेलं ‘तेपाचे’ हे मेक्सिकोचं पेय हल्ली ‘पोटाला चांगलं’ म्हणून मोबाइलवर फिरतं. ते आंबवलेलं असतं आणि आंबताना अल्कोहोल तयार होतं. हदीसमध्ये नबीजचा उल्लेख आहे : खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून केलेलं गोड पेय. पैगंबर (स.) ते ताजंच घेत, तिसऱ्या दिवसानंतर उरलेलं ठेवत नसत. बारकाव्यांचा निर्णय उलेमांना विचारावा, पण घरातला नियम सोपा ठेवा. रस काढला की फ्रिजमध्ये, आणि त्याच दिवशी संपवा. फेस आला, झाकण उघडताना फुस्स झालं, वास बदलला, तर मोरीत ओता.

हॉटेलात मुलांना इतकं विचारायला शिकवा : यात बिटर्स घालता का, आणि दारूचं भांडं यालाच वापरता का? बिटर्सचे थेंब मद्यार्कातच केलेले असतात. विचारण्यात लाज नाही. संकोच वाटला तर शहाळं मागवा.

एक इशारा साखरेचाही. पाव लिटर अननसाच्या रसात, वरून काही न घालता, सुमारे २५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना साखरेची दिवसभराची जी आदर्श मर्यादा सांगते, ती जवळपास एवढीच आहे. घरात अब्बांना किंवा नानींना मधुमेह असेल, तर रोजा खजूर आणि पाण्याने सोडू द्या, रसाऐवजी अननसाच्या दोन फोडी द्या. दिवसभर उपाशी राहिलेल्या शरीराला पेल्यामागून पेला पाजणं ही मेहमाननवाजी नव्हे.

त्या आईला आम्ही हेच सांगितलं : मुलीला पिऊ द्या, पण पेल्यात काय आहे ते विचारून. आणि पुढच्या दावतीत तुमच्या घरचा कोपरा मांडाल, तेव्हा पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा – ‘शरबत’. ते आपल्याकडचं अस्सल नाव आहे.