ऐकणाऱ्यांची नावं

आमच्या हॉस्टेलवर ‘द इमिटेशन गेम’ किमान चार वेळा पाहिला गेला. एकटा विक्षिप्त ट्युरिंग, खडखडणारं यंत्र आणि जिंकलेलं महायुद्ध. कोड लिहिणाऱ्यांना ही गोष्ट आवडणारच. तिच्यात आपला माणूस जिंकतो. माझं म्हणणं असं की ही गोष्ट अर्धी आहे, आणि ती अर्धीच सांगण्यात आपला स्वार्थ आहे.

त्या यंत्रात घालायला संदेश आले कुठून? ब्रिटनच्या ‘वाय सर्व्हिस’मधल्या हजारो तरुण मुलामुलींनी हेडफोन लावून ते टिपले. शत्रूचा मोर्स ऐकायचा आणि अर्थ न लागणारी अक्षरं गटागटानं कागदावर उतरवायची, दिवसपाळी-रातपाळी. इंटरनेटवर पॅकेट हरवलं तर पुन्हा मागता येतं. शत्रूला ‘परत सांग’ म्हणता येत नाही. खरखरीत अक्षर निसटलं की निसटलं, आणि चुकीचं उतरलं तर पुढे बसलेल्या गणितज्ञाची मेहनत पाण्यात.

‘हे काय, कुणीही केलं असतं!’ असं म्हणणारे भेटतात. जपानी संदेशांसाठी इंग्रजी मोर्सची 26 अक्षरं पुरत नसत. काना लिपीचा जवळपास दुप्पट खुणांचा मोर्स नव्यानं शिकावा लागे. मुरलेले ऑपरेटर तर पाठवणाऱ्याच्या बोटांची लय ओळखत. कॉल-साइन बदलली तरी माणूस तोच आहे, हे त्यांना कळे.

आणि हे सगळं घरापासून किती लांब! ब्रिटिश नौदलाचा हाँगकाँगमधला विभाग 1939 मध्ये सिंगापूरला गेला, जानेवारी 1942 मध्ये कोलंबोला. एप्रिलमध्ये कोलंबोवर जपानी बॉम्ब पडले, तेव्हा मोंबासाजवळ किलिंदिनीला. तिथे जपानी सिग्नल क्षीण येत. डोकी तीच होती, तरी काम रखडलं. 1943 मध्ये सगळे परत कोलंबोला आले. ऑगस्ट 1941 मध्ये जिब्राल्टरला सायफर आणि वायरलेसच्या कामासाठी स्वतःहून निघालेल्या नौदलाच्या 21 मुली तर पोचल्याच नाहीत. त्यांचं ‘अगिला’ जहाज जर्मन पाणबुडीनं बुडवलं.

ऐकणाऱ्यांची किंमत रोमेलला विचारावी. जुलै 1942 मध्ये अल अलामीनजवळ ऑस्ट्रेलियन सैनिकांनी कॅप्टन झेबोमची ऐकणारी कंपनी उद्ध्वस्त केली, आणि समोरच्या ब्रिटिश सैन्याची रोजची खबर देणारे रोमेलचे कानच गेले.

इंग्लंडमधल्या ऐकणाऱ्यांना गुप्ततेच्या शपथेनं गप्प बसवलं होतं. 1974 मध्ये विंटरबॉटमच्या पुस्तकानं ‘अल्ट्रा’चं गुपित जगासमोर मांडलं. त्यानंतर कौतुकाचा पूर आला, तो मुख्यतः कोड फोडणाऱ्यांच्या वाट्याला. चित्रपटात संदेश टिपणारी एक हेलन आहे खरी. पण तिचं मुख्य काम काय, तर बारमध्ये सहज एक वाक्य बोलून नायकाला साक्षात्कार घडवणं.

हे मी शहाणपणाच्या उंचीवरून लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमनं मराठी बोलणं टाईप करणारं मॉडेल बनवलं. त्यासाठी सोलापूर-नगरकडच्या कंत्राटी मुली महिनोन्‌महिने कानाला हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकत होत्या. ‘व्हय’ आणि ‘होय’ वेगळे लिहायचे, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. सादरीकरणाची स्लाईड मी बनवली. तिच्यावर सहा इंजिनिअरांची नावं होती. त्या मुलींच्या जागी मी दोन शब्द लिहिले होते: ‘डेटा सोर्स’. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

ब्रिटिशांकडे निदान युद्धाच्या गुप्ततेचं कारण होतं. आपल्याकडे कोणतं आहे? यंत्र हुशार झालं असं म्हणताना त्याच्यासाठी ऐकणारा माणूस लपवायचा, म्हणजे त्याला कमी पैसे देणं सोपं जातं. एवढंच कारण मला दिसतं.

ती स्लाईड अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. दुरुस्त करायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की त्यातल्या एकीचंही नाव मला ठाऊक नाही.