अंड्याची फुलं

गेल्या रविवारी आत्या आणि आतोबा आमच्याकडे जेवायला होते. आदल्या दिवशी फोनवर मी उत्साहाच्या भरात सांगून बसले, "उद्या चायनीज करतेय." आतोबांना चायनीज म्हणजे जीव की प्राण. कोपऱ्यावरच्या गाडीवरचं मंचाव सूप, त्यावर तळलेल्या नूडल्सचा डोंगर, ही त्यांची दर शनिवारची चैन. अशा माणसासमोर मी वाडगा ठेवला आणि त्यात काय, तर लालसर पातळ पाणी, टोमॅटोच्या मऊ फोडी, वर तरंगणारे अंड्याचे पदर आणि पातीच्या कांद्याच्या चार चकत्या. आतोबांनी चमचा पार तळापर्यंत फिरवला, खाली काही दडलंय का ते पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हे तर टोमॅटोचं सार! त्यात चुकून अंडं पडलंय."

सगळे हसले. मीही हसले, कारण विनोद खरंच चांगला होता. पण पुढचं वाक्य असं आलं, "वटवाघळं सोडून हे असलं पण खातात होय ते लोक?" त्यावरही सगळे हसले आणि मी मात्र स्वयंपाकघरात पाणी आणायला गेले. (आतोबा, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. राग नसावा. पण तेव्हा जे बोलायला सुचलं नाही ते इथे लिहितेय.)

पहिल्यांदा साराबद्दल. ते तुम्ही थट्टेत म्हणालात, पण इतकं नेमकं वर्णन मला आजवर करता आलं नव्हतं. चिनी घरातलं हे सूप म्हणजे अगदी सारच. म्हणजे जेवणातली त्याची जागा साराची आहे, स्टार्टरची नाही. आपण हॉटेलात सूप आधी मागवतो, ते वेगळं येतं, त्याचे वेगळे पैसे पडतात, म्हणून ते भरगच्च लागतं. चमचा उभा राहिला नाही तर फसवल्यासारखं वाटतं. तिकडे घरी टेबलाच्या मधोमध दोन-तीन भाज्या, प्रत्येकाच्या हातात भाताचा छोटा वाडगा, आणि सोबत एक मोठं भांडं सूप. दक्षिणेला ग्वांगडाँगकडे ते जेवणाआधी पितात, बाकी बऱ्याच ठिकाणी जेवताना किंवा शेवटी. भात संपला की त्याच वाडग्यात सूप ओतून घ्यायचं, शितांसकट प्यायचं, वाडगा आपोआप स्वच्छ. आपल्याकडे जेवण झाल्यावर ताक भुरकतात तसं. आता साराला कुणी "काय हे पाणी" म्हणतं का? ताकाला म्हणतं का? मग ह्याच बिचाऱ्याने काय केलंय?

त्याचं नाव तान-ह्वा-थांग. तान म्हणजे अंडं, ह्वा म्हणजे फूल, थांग म्हणजे सूप. अंड्याच्या फुलांचं सूप. इंग्रजीत ह्याला 'एग ड्रॉप' म्हणतात, म्हणजे अंडं हातातून पडल्यासारखं. असो.

मी हे शिकले सुझोऊला. शांघायपासून शंभरेक किलोमीटरवरचं शहर, तिथे आम्ही कामानिमित्त दोन वर्षं होतो, २०१४ ते २०१६. मी अंडं खाते, मांस-मासे नाही. चीनमध्ये अशा माणसाचं काय होतं हे तिथे राहिलेल्यांना विचारा. नुसत्या पालेभाजीतही मांसाचा खिमा निघतो. मग आमच्यासारख्यांचा एकच आधार, टोमॅटो आणि अंड्याची परतलेली भाजी. ती चीनभर सगळीकडे मिळते, आणि तिकडची बहुतेक मुलं स्वयंपाकात पहिल्यांदा शिकतात तीही हीच. सूप म्हणजे तिचीच धाकटी बहीण.

आमच्या खालच्या मजल्यावर एक साठीच्या बाई राहायच्या. तिथे अशा बाईला 'आयी' म्हणायचं, म्हणजे मावशी. मराठी कानाला ते काय ऐकू येतं ते वेगळं सांगायला नको. पहिले काही दिवस मला हाक मारताना फारच विचित्र वाटायचं, नंतर सवय झाली. आमची भाषा म्हणजे माझी मोडकी चिनी आणि त्यांची सुझोऊची बोली. दोघींना एकमेकींचं निम्मं कळायचं, आणि बाकीचं निम्मं कळल्यासारखं दोघीही दाखवायचो.

पहिल्या हिवाळ्यात मला सणसणून ताप आला. यांगत्सेच्या दक्षिणेला घरांना उत्तरेसारखं सरकारी हीटिंग नसतं, त्यामुळे घरात बाहेरच्याइतकंच गार. नवरा दौऱ्यावर. दोन दिवस मी जिन्यात दिसले नाही म्हणून आयी वर आल्या, माझ्या कपाळाला हात लावला, आणि काही न बोलता थेट स्वयंपाकघरात गेल्या. फ्रिज उघडून बघितला. दोन टोमॅटो, अंडी आणि आल्याचा एक सुकलेला तुकडा. दहा मिनिटांत वाडगा माझ्या हातात होता. त्या समोर बसून राहिल्या, तो संपेपर्यंत. माझी आई माझ्यासमोर मऊ भाताचं ताट घेऊन बसायची तशाच, तोच चेहरा, तीच "अजून एक घोट" वाली मान.

नंतर मी त्यांच्या मागे उभी राहून ते पाच-सहा वेळा पाहिलं. दिसायला काहीच नाही, आणि करायला गेलं की हमखास बिघडतं. माझं पहिलं सूप म्हणजे गढूळ पाणी झालं होतं, दुसऱ्यात अंड्याचा रवा. टोमॅटो आधी गरम पाण्यात बुडवून सोलायचे, फोडी करून थोड्या तेलात आल्याबरोबर चांगल्या परतायच्या, तेल लाल दिसेपर्यंत. इथे घाई केली तर पुढे काही खरं नाही. मग चौघांसाठी चार कप पाणी, मीठ, आणि चिमूटभर साखर. (सुझोऊची माणसं कशातही साखर घालतात, आपल्या शेजारच्या गुजराती काकूंना तिथे अगदी माहेरी आल्यासारखं वाटेल.) पाच-सात मिनिटं उकळलं की दोन अंडी चमचाभर पाणी घालून फेटायची, फेस न आणता.

आता खरी गोष्ट. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतो, पिवळा ६५ ते ७० च्या दरम्यान. सूप नुसतंच गरम असेल तर अंडं घट्ट व्हायच्या आधी पाण्यात पसरतं आणि सगळं गढूळ होतं. खळखळ उकळत असेल तर उकळीच्या धक्क्याने त्याचा चुरा होतो. म्हणून आच बारीक करायची, कडेने बुडबुडे येत असताना उंचावरून बारीक धार गोल सोडायची, आणि मग (आयी माझा हातच धरायच्या इथे) काहीही करायचं नाही. ढवळायचं नाही. मनात दहा आकडे मोजायचे. पदर वर आले की डावाने एकदा हलकेच फिरवायचं आणि गॅस बंद. वरून पातीचा कांदा, पांढऱ्या मिरीची पूड आणि तिळाच्या तेलाचे तीन-चार थेंब. हे तेल भाजलेल्या तिळाचं, गडद तपकिरी असतं. आपलं नेहमीचं फिकट तीळतेल घातलंत तर तो वास येणार नाही, त्यापेक्षा घालूच नका.

कॉर्नफ्लॉवर? नाही. पण इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की दाट सूप म्हणजे खोटं चायनीज, असं मी म्हणत नाहीये. चिनी स्वयंपाकात पिठाची पेस्ट लावून दाट केलेली सूपंही आहेत, त्यांना 'थांग' न म्हणता 'कंग' म्हणतात. दक्षिणेकडे मक्याचं असं कंग करतात, त्यातही अंड्याचे धागे असतात. आपलं स्वीट कॉर्न सूप त्याच कुळातलं. म्हणजे आतोबा, तुमच्या सूपलाही खानदान आहे. मंचावला मात्र चीनमध्ये कुणी ओळखणार नाही, ते अस्सल भारतीय. आणि मंचुरियन तर बहुधा आपल्या मुंबईचंच, सत्तरच्या दशकातलं. त्यातही लाजण्यासारखं काही नाही, मी आवडीने खाते. माझं भांडण फक्त एवढंच आहे, की गाडीवरचं जे दिसतं ते चायनीज, व्हिडिओत जे दिसतं तेही चायनीज, आणि कोट्यवधी घरांत रोज रात्री जे होतं त्याला आपण म्हणतो, हे कसलं चायनीज.

अजिनोमोटोची भीती असलेल्यांसाठी जाता जाता, टोमॅटोत ते ग्लुटामेट मुळातच असतं. म्हणून ह्या सुपाला वेगळं काही घालावं लागत नाही.

आणि टोमॅटो तरी कुठे चिनी आहे! तो अमेरिका खंडातला, आपल्यासारखाच त्यांच्याकडेही बाहेरून आलेला. सुझोऊकडे त्याला 'फान-छिए' म्हणतात, म्हणजे परदेशी वांगं. मला हे कळलं त्या दिवशी मी जिन्यात एकटीच हसले, कारण आमची आजी टोमॅटोला बेलवांगी म्हणायची. बंगालीतही तो बिलाती बेगून, विलायती वांगंच. कुणी कुणाला न विचारता सगळ्यांना एकच सुचलं.

आता ते वटवाघूळ.

जानेवारी २०२० मध्ये आपल्या सगळ्यांच्या फोनवर तो व्हिडिओ फिरला, एक मुलगी वटवाघळाचं सूप पितेय असा. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर तो तीनदा आला, मी मोजलंय. पुढे हे बाहेर आलं की तो चीनमधला नव्हताच, २०१६ साली पलाऊ नावाच्या प्रशांत महासागरातल्या बेटांवर एका प्रवासाच्या कार्यक्रमासाठी काढलेला होता. पण तोवर ते 'चिनी लोकांचं सूप' होऊन बसलं होतं. मला त्या क्षणी लिहिता आलं असतं की दोन वर्षं मी त्यांच्या टेबलावर जेवलेय, तिथे असलं काही पाहिलं नाही, तिथे टोमॅटो आणि अंडं असायचं. मी नाही लिहिलं. 'कशाला उगाच' म्हणून हसणारी बाहुली टाकून मोकळी झाले. आत्यांच्या पोस्टखाली माझी ती बाहुली अजून असेल.

जूनमध्ये गलवानमध्ये आपले २० जवान गेले. तेव्हाचा राग खरा होता, मलाही होता, आजही आहे. पण तो राग फिरत फिरत नूडल्सपर्यंत आला. रामदास आठवले यांनी चायनीज विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी घालावी असं म्हटलं, तेव्हा मला आपल्या कोपऱ्यावरची गाडी आठवली. त्या गाडीवरचा पोरगा नेपाळचा, कोबी नारायणगावचा, आणि पदार्थ मुंबईचा. बंदी नेमकी कुणावर घालणार होतो आपण? आतोबा, तुमचा शनिवारच गेला असता.

२९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्यात वीचॅट होतं. आयींशी माझा संपर्क फक्त त्याच्यावरच होता. त्यांचा नंबर, ईमेल, काही नाही. त्यांना इंग्रजी येत नाही आणि पत्ता मला चिनी अक्षरांत लिहिता येत नाही. बंदी योग्य की अयोग्य ह्यात मी शिरत नाही, त्यातलं मला फारसं कळतही नाही. फेब्रुवारीत त्यांचा एक फोटो आला होता, घरातच अडकलेल्या, मास्क लावलेल्या, आणि हातात तेच भांडं. खाली लिहिलं होतं, नीट जेवतेस ना. त्याला मी उत्तर दिलं होतं. एप्रिलमध्ये त्यांनी पुन्हा विचारलं, इथली लॉकडाऊनची बातमी बघून. त्याला मात्र मी नंतर सावकाश लिहू म्हणून ठेवून दिलं. मराठीत 'सावकाश' हा फार वाईट शब्द आहे.

तर आतोबा, रविवारी माझा चेहरा पडला तो तुम्ही सुपाला नावं ठेवलीत म्हणून नाही. सार म्हणालात ते तर मला आवडलंच. मी सहा वर्षांपूर्वीसारखीच परत गप्प बसले, ह्याचा राग आला आणि तो पाणी आणायच्या निमित्ताने ओट्यापाशी काढला. तुम्ही नंतर भातावर ते घेतलंत आणि पापड कुस्करून खाल्लंत हे मी पाहिलंय. (आयींना पापड फार आवडला असता. आम्ही तिकडे नेले होते ते पहिल्याच महिन्यात संपले, त्यांची ओळख व्हायच्या आधी.)

काल आत्याचा फोन आला. आतोबांना जरा सर्दी-ताप आहे, तोंडाला चव नाही, तुझं ते पाणी कसं करायचं ते सांग म्हणाली. मी सगळं सांगितलं, टोमॅटो किती परतायचा, धार कशी सोडायची, दहा आकडे. तिने लिहून घेतलं. मग जरा थांबून म्हणाली, "अर्धा चमचा कॉर्नफ्लॉवर लावू का गं? त्यांना पातळ आवडत नाही."

मी म्हटलं, लाव.